मारुती जिप्सी एमजी ४१०: एक पावसाळा आणि एक एप्रिल-मे वापरल्यानंतर

१९८५ च्या अखेरीस आलेली जिप्सी म्हणजे सुझुकीच्या एसजे ४१० या छोट्या जीपचं लांब रूप. ९७० सीसीचं कार्बोरेटर इंजिन, चार गिअर, पुढे-मागे सलग एक्सल आणि चारही चाकांना पाटे. पडून राहिलेली अशी गाडी उभी करायची तर पैसा रंगावर किंवा इंजिनावर आधी घालू नका. आधी पुढचे नकल (पुढच्या चाकांमागचे वळणारे गोळे), मग प्रोपेलर शाफ्ट (एक्सलकडे ताकद नेणारे फिरते दांडे), मग रेडिएटर. इंजिन चालू होतं म्हणून गाडी चांगली, हा हिशेब इथे चालत नाही.

पुढच्या चाकामागच्या गोळ्यावर काळपट पातळ ओघळ दिसला की गॅरेजवाला बाहेरचं नमदा-रबराचं सील बदलतो, आणि गळती परत सुरू होते. कारण दोष आत आहे. एक्सलच्या तोंडाशी असलेलं ऑइल सील गेलं की डिफरन्शियलचं (एक्सलमधल्या, दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ होतं आणि ते बाहेर पडतं. हब उतरवून, एक्सल शाफ्ट ओढून ते आतलं सीलच बदलायला हवं. सोबत एक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) साफ करा. तो काळ्या मातीने बुजलेला असला तर गरम झाल्यावर आत दाब वाढतो आणि नवं सीलही ऑइल सोडतं.

ताशी साठच्या आसपास स्टिअरिंग थडथडत असेल तर नवा स्टिअरिंग डॅम्पर लावून दोष फक्त झाकला जातो. किंगपिनची (नकल ज्यावर वळतो त्या खुंट्यांची) वरची-खालची बेअरिंगं बदला आणि शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) नीट बसवा. बाहेरचं सील न लावता टायरॉड (दोन्ही चाकं सोबत वळवणारा दांडा) बसतो त्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. नकल १ ते १.८ किलोवर हलू लागला पाहिजे. त्याआधीच हलला तर एक शिम काढा, जड गेला तर घाला. टायरॉड एंड आणि चाकांचं बॅलन्सिंग त्यानंतर.

ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असल्याने शाफ्ट तीन आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) सहा. पिकअप घेताना ‘टक्’ वाजलं की क्रॉससोबत ट्रान्स्फरची रबरी माउंटिंगंही तपासा. फाटलेलं रबर तोच आवाज काढतं. शाफ्ट सोडण्यापूर्वी सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ मारा. एक खाच चुकली तरी गाडी थरथरते आणि दोष टायरच्या माथी जातो. ट्रान्स्फरमध्ये ८०डब्ल्यू-९० ऑइल जेमतेम पाऊण लिटरच्या वर मावतं, म्हणून बारीक गळतीही लवकर महागात पडते. फिलर प्लग काढून पातळी बघण्याची सवय ठेवा.

आता ऊन. जळगाव-भुसावळकडचा ४५ अंशांचा मे ही या इंजिनाची खरी परीक्षा. गाडी तापली की इकडे सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाका. हे करू नका. इंजिन हिवाळ्यात गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि घासझीज वाढते. मूळ रोग बहुधा बोअरच्या जड पाण्याचा क्षार असतो, तो रेडिएटरच्या नळ्या बुजवतो. जुना पितळी रेडिएटर असेल तर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, जाळी फारच गेली असेल तर बदला. पंख्याभोवतीचं आवरण बहुतेक गाड्यांत गायब असतं, ते शोधून लावाच. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं.

उन्हात थांबून परत सुरू न होणं हा वेगळा त्रास. यांत्रिक पंप इंजिनाला लागून असल्याने पेट्रोलची वाफ होते. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून लांब न्या, त्यावर उष्णतारोधक वेष्टन घाला आणि टाकीकडे जाणारी परतीची नळी मोकळी आहे का बघा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो, त्यामुळे दोन्ही इथेनॉल सोसणारेच घ्या.

शेतातली ओली काळी माती मात्र फोर-व्हीलचा गर्व उतरवते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो, आणि साधे डिफरन्शियल असल्याने तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं नुसती फिरत राहतात. गाडी हलकी आहे, एवढीच जमेची बाजू. टायरची हवा १६-१८ पीएसआयवर आणा, फोर-लो (चारही चाकांना हळू पण जादा जोर देणारा गिअर) गाडी थांबवूनच टाका आणि फुकट रेस करू नका. डांबरावर येताच टू-व्हील. पुढच्या-मागच्या एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल मध्ये नाही, वळणांवर सगळा ताण त्या सहा क्रॉसवर येतो. तोरणमाळ किंवा चांदसैलीचा घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा, कारण ब्रेकना बूस्टर नाही.

पाट्यांमुळे गाडी आदळते ती आदळतेच. कापडी छतातून धूळ येते. त्यावर इलाज शोधत बसू नये.

गंज बघायचा तो रबरी मॅट उचलून फ्लोअरला, बॉडी माउंटपाशी आणि विंडशील्डच्या चौकटीच्या खालच्या कडेला. रंग नवा आणि खाली पुटीन, असा माल फार फिरतो. लोहचुंबक खिशात ठेवा, पुटीनवर तो चिकटत नाही.

कागदांचं मात्र सौदा ठरण्याआधी बघा. ‘विंटेज’ नोंदणी ५० वर्षांपुढच्या गाड्यांनाच, तेव्हा एकही जिप्सी त्यात बसत नाही. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण. १.३ लिटरचं इंजिन बसवलेली गाडी समोर आली तर आरसीवर त्या बदलाची नोंद आणि इंजिनावरचा नंबर ताडून बघा. जुळत नसेल तर गाडी कितीही गोड चालो, बयाणा देऊ नका.