समोर कोणी नसलेली मुलाखत: एका व्हिडिओ मुलाखतसेवेचे परीक्षण

नोकरीसाठी अर्ज केल्यानंतर आठवडाभरात मला मुलाखतीची एक लिंक आली. वेळ ठरवायला कोणाचा फोन आला नव्हता आणि मुलाखत घेणाऱ्याचे नावही कुठे नव्हते, कारण ही मुलाखत उमेदवाराने एकट्याने वेबकॅमसमोर बसून रेकॉर्ड करायची होती आणि सॉफ्टवेअर तिला गुण देऊन ती भरती विभागाकडे पाठवणार होते. अशी सेवा कंपन्या विकत घेत असल्या तरी ती वापरावी लागते उमेदवाराला, म्हणून हे परीक्षण मी उमेदवाराच्या बाजूने लिहीत आहे.

तांत्रिक बाबतीत तक्रारीला जागा नाही. कॅमेरा आणि आवाज आधी तपासता आला, सरावासाठी एक प्रश्न मिळाला आणि ३ दिवसांच्या मुदतीत रात्री उशिरासुद्धा मुलाखत देण्याची मुभा होती. हातातली नोकरी सांभाळून दुसरी शोधणाऱ्या माणसाला खोटे कारण सांगून रजा काढावी लागत नाही, ही सोय लहान नाही.

प्रश्न सहा होते. प्रत्येकाला विचार करायला ३० सेकंद आणि उत्तराला २ मिनिटे. तिसरा प्रश्न सहकाऱ्यांमधील मतभेद कसा हाताळला, असा होता. मतभेद बरोबरीच्या सहकाऱ्याशी झालेला सांगायचा की वरिष्ठांशी झालेला, हे मला विचारायचे होते, पण विचारणार कोणाला? स्क्रीनवर माझाच चेहरा होता आणि कोपऱ्यात उलटे मोजणारे घड्याळ. मी स्वतः काही वर्षे मुलाखती घेतल्या आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण पाठ करून येतात. माणूस कळतो तो ‘मग पुढे काय झाले?’ किंवा ‘तेव्हा तुम्ही नेमके काय म्हणालात?’ असे विचारल्यावर, कारण खरोखर घडलेल्या गोष्टीला तपशील असतात आणि रचलेली गोष्ट तिथे अडखळते. उमेदवाराची पारख अधिक खोलवर करण्याचा दावा असलेल्या या सेवेत नेमका हा दुसरा प्रश्नच नाही. उमेदवारालाही काही विचारता येत नाही. ही जागा रिकामी का झाली किंवा आधीचा माणूस का सोडून गेला, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

शब्दांची निवड, आवाजाचा चढउतार आणि बोलण्याचा वेग यांवरून उत्साह आणि आत्मविश्वास मोजला जातो, असे माहितीपानावर लिहिलेले होते. या दाव्याकडे मी संशयाने पाहतो आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेल्या हायरव्ह्यूने चेहऱ्याचे विश्लेषण बंद केल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. त्याआधी २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेऊन, चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने ओळखता येत नाहीत, असा निष्कर्ष मांडला होता. युरोपीय संघाने तर कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. चेहरा वगळून आवाज ठेवल्याने मूळ शंका मिटत नाही. घोगऱ्या आवाजाचा, अडखळत बोलणारा किंवा परक्या भाषेत मुलाखत देणारा माणूस कामात कच्चा असतो, हे कोणी सिद्ध केले आहे?

यंत्र निःपक्षपाती असते, हा दुसरा दावा मला अधिक घातक वाटतो. ॲमेझॉनने अर्जांची छाननी करणारी एक प्रणाली आपल्याच दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवली होती. त्या अर्जांत पुरुषांची संख्या फार मोठी असल्यामुळे स्त्रियांशी संबंधित शब्द असलेल्या अर्जांना ती कमी गुण देऊ लागली, आणि कंपनीने ती मोडीत काढल्याची बातमी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निदान तिथे कंपनीने स्वतः तपासणी केली. मला मिळालेले गुण कशाच्या आधारे दिले गेले, हे मला कोणी सांगितले नाही.

या सेवेत एक गोष्ट खरोखर चांगली आहे: सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा रचनाबद्ध मुलाखत ही मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा सरस ठरली होती. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तीच आकडेमोड नव्याने केली, तेव्हाही ती निवडीच्या पद्धतींमध्ये अगदी वरच्या स्थानी राहिली. पण त्यासाठी लागते काय? आधी ठरवलेले प्रश्न, गुण देण्याचे निकष आणि ऐकणारी दोन माणसे. कॅमेऱ्याने किंवा अल्गोरिदमने त्यात काही भर घातलेली नाही. त्याच संशोधनात प्रत्यक्ष कामाचा छोटा नमुना करून घेण्यालाही वजन आहे, आणि इथे मात्र त्याऐवजी व्यक्तिमत्त्वाची एक प्रश्नावली आणि फुगे फोडण्याचा एक खेळ होता. त्याचा माझ्या कामाशी संबंध मला लावता आला नाही.

दुसऱ्या दिवशी नकाराचा मेल आला. नकाराचे मला दुःख नाही, परंतु माझे बोलणे कोणी ऐकले का, एवढे तरी कळायला हवे होते. मी दोन गोष्टी लेखी विचारल्या: रेकॉर्डिंग एखाद्या माणसाने पाहिले का, आणि ते कधी पुसले जाईल? अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २०२० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, यंत्राकडून तपासल्या जाणाऱ्या अशा मुलाखतीसाठी उमेदवाराची आधी संमती घ्यावी लागते आणि त्याने मागणी केल्यास ३० दिवसांत चित्रफीत नष्ट करावी लागते. म्हणजे माझी मागणी काही जगावेगळी नव्हती. उत्तरादाखल आपोआप पाठवला जाणारा एक मेल आला, ज्यात मला माझ्या पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या होत्या. पाचपैकी दोन गुण देतो, आणि ते दोन्ही वेळेच्या सोयीसाठी आहेत. चित्रफितीचे काय झाले, हे अजून कळलेले नाही.