पाचगणी–महाबळेश्वर भूशास्त्र सहल : एक अभिप्राय

साताऱ्याहून निघणाऱ्या या एकदिवसीय सहलीत पठाराचा जन्म आणि त्याची झीज या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष दगडावर हात ठेवून समजून घेता येतात, आणि हेच तिचे सर्वात मोठे बळ आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीट या कड्यावर मार्गदर्शकांनी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर दाखवले आणि दोन थरांमधली तांबडी माती म्हणजे उद्रेकांच्या मधल्या काळात खडक कुजल्याची खूण आहे, हे फार संयमाने समजावले. पश्चिमेचा भाग खचल्याने निर्माण झालेला हा कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आला आणि त्याची माथ्याची कड हीच दोन्ही बाजूंचे पाणी वेगळे करणारी सीमा बनली, म्हणूनच अरबी समुद्र इतका जवळ असूनही इथे उगम पावणारी कृष्णा बंगालच्या उपसागराकडे जाते, तर सावित्री थेट कोकणात उतरते. हे ऐकताना मी खरोखर स्तब्ध झालो.

पाचगणीच्या टेबललँडवर मात्र वेळ अपुरा पडला. उष्ण, दमट हवेत बेसॉल्टमधील (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकातील) सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, वाहून जाऊन उरलेल्या लोह-ॲल्युमिनियमपासून बनलेला जांभा खडक पठाराच्या माथ्यावर टोपीसारखा कसा टिकतो, हे घाईघाईत आटोपले. जेवण साधे पण चांगले होते. पावसाळ्यात कड्यांवर धुके असते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच नोंदणी करावी.