डालमायरच्या शर्यती आणि जळगावची रायफल रेंज : रविवारच्या वर्गाचे परीक्षण

जळगावच्या औद्योगिक वसाहतीलगत जुन्या गोदामात चालणाऱ्या या एअर रायफल रेंजवर उन्हाळ्याच्या सुट्टीत दर रविवारी सकाळी एक वेगळा वर्ग घेतला जातो, आणि माझी मुलगी त्यात असल्यामुळे मला तो मागच्या बाकावर बसून पाहता आला. वर्गाचा पहिला भाग पडद्यावर असतो आणि दुसरा लेनवर. पडद्यावर जर्मनीची बायथलॉन विजेती लाउरा डालमायर हिची एक संपूर्ण शर्यत दाखवली जाते. नंतर मुले तिच्याकडून जे पाहिले ते दहा मीटरच्या लेनवर स्वतः करून पाहतात. वेगळे शुल्क नाही, रेंजच्या नेहमीच्या मासिक शुल्कातच हा वर्ग येतो. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो, तिथे बर्फावरच्या खेळाचा उपयोग काय, असे बऱ्याच पालकांनी विचारलेले मी ऐकले आहे. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

बायथलॉनमध्ये खेळाडू पाठीवर किमान साडेतीन किलो वजनाची रायफल घेऊन बर्फावर स्की करत धावतो, मध्येच रेंजवर येऊन थांबतो, पन्नास मीटरवरची पाच लक्ष्ये टिपतो आणि पुन्हा धावू लागतो. निजून मारायचे लक्ष्य ४५ मिलिमीटर व्यासाचे आणि उभ्याने मारायचे ११५ मिलिमीटरचे असते. बहुतेक शर्यतींत प्रत्येक चुकलेल्या गोळीमागे दीडशे मीटरची दंडाची फेरी मारावी लागते, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांचा तोटा. १५ किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत मात्र फेरीऐवजी थेट एक मिनिट वेळेत वाढवले जाते. रायफल .२२ बोअरची असते आणि अंतर पन्नास मीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले त्याच बोअरची रायफल आणि तेच अंतर. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्यामुळे भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या मुलांना त्याचे नाव पाठ आहे, आणि वर्ग घेणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी त्याच्यापासून सुरुवात करून मुलांना डालमायरपर्यंत नेले, हे मला फार योग्य वाटले.

आपल्या मुलांच्या दहा मीटर एअर रायफल प्रकारात साठ फैरींसाठी पंचाहत्तर मिनिटे मिळतात. जाड जॅकेट, ताठ पँट, सपाट बूट, शांत हॉल, आणि कार्डावर (लक्ष्याच्या कागदावर) दहा गुणांचा मध्यबिंदू अवघा अर्धा मिलिमीटर. डालमायरसारखी खेळाडू रेंजवर येऊन पाच गोळ्या मारून निघते ते बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत, आणि तेव्हा तिचे हृदय मिनिटाला दीडशेहून अधिक ठोके देत असते. स्पर्धेच्या दिवशी आपल्या मुलांची छाती भीतीने धडधडते आणि सरावात कमावलेला होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरण्याची हातोटी, नाहीसा होतो, ही इथल्या प्रत्येक पालकाच्या ओळखीची गोष्ट आहे. धडधडत्या छातीने नेम कसा धरायचा, हे ज्या खेळात रोजचे काम आहे त्या खेळाकडून ते शिकावे, हा या वर्गामागचा विचार आहे आणि तो मला मनापासून पटला.

शर्यती निवडताना सरांनी नुसती सुवर्णपदके गोळा केलेली नाहीत. २२ ऑगस्ट १९९३ रोजी गार्मिश-पार्टेनकिर्शेन या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी जन्मलेली ही मुलगी २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधून पदकाविना परतली होती, हे आधी सांगितले जाते. मग २०१५ मध्ये चेक प्रजासत्ताकातील नोव्हे मेस्टो येथे विश्वचषक मालिकेतील तिचा पहिला वैयक्तिक विजय आणि त्याच मोसमात फिनलंडमधील काँटिओलाहतीच्या जागतिक स्पर्धेत रिलेचे सुवर्ण व परस्यूटचे (आधीच्या शर्यतीतल्या आघाडीनुसार पुढे-मागे सुटण्याच्या शर्यतीचे) रौप्य. हा भाग थोडक्यात आवरला जातो. २०१६ मध्ये ओस्लोच्या जागतिक स्पर्धेत तिने पाच शर्यतींत पाच पदके मिळवली, त्यात परस्यूटचे सुवर्ण होते. त्यातलीही थोडीच दृश्ये दाखवली जातात. खरा मुक्काम पडतो तो २०१७ च्या होख्फिल्त्सेनवर.

ऑस्ट्रियातील त्या जागतिक स्पर्धेत डालमायरने सहा शर्यतींत पाच सुवर्णे आणि एक रौप्य मिळवले. मिश्र रिले, परस्यूट, वैयक्तिक, महिला रिले आणि मास स्टार्ट या पाचांत ती पहिली आली. स्प्रिंटमध्ये (दोनच थांब्यांच्या छोट्या शर्यतीत) चेक प्रजासत्ताकाच्या गाब्रिएला कौकालोवाने तिला अवघ्या काही सेकंदांनी मागे टाकले. ओस्लोची पाच आणि इथली सहा मिळून जागतिक स्पर्धांत सलग अकरा शर्यतींत पदक, आणि त्याच मोसमात विश्वचषक मालिकेचे एकूण विजेतेपदही. एवढे आकडे कोणत्याही संकेतस्थळावर सापडतील. वर्गाची किंमत आकड्यांत नाही. सरांनी मास स्टार्टची १२.५ किलोमीटरची शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही टप्पा न गाळता दाखवली. तीस जणी एकाच वेळी सुटतात, चार वेळा रेंजवर येतात, दोनदा निजून आणि दोनदा उभ्याने मारतात. अमेरिकेच्या सुसान डनक्लीने त्या दिवशी वीसच्या वीस लक्ष्ये टिपली आणि शेवटच्या फेरीला ती आघाडीवर निघाली, तरीही डालमायरने तिला त्या फेरीत गाठले आणि मागे टाकले. पाच मिनिटांच्या चित्रफितीत आपल्याला फक्त हे गाठणे दिसले असते. संपूर्ण शर्यत पाहताना दिसते ते निराळेच : डालमायर रेंजकडे येताना शेवटच्या काही मीटरमध्ये वेग किंचित उतरवते, मॅटवर पाय ठेवण्याआधीच काठ्या मनगटातून सोडवू लागते, पहिल्या गोळीपूर्वी दोन खोल श्वास घेते आणि नंतर प्रत्येक गोळीमागे जवळजवळ तेवढाच वेळ घालवते. सरांनी प्रत्येक गोळीवर हाताने टाळी देऊन तो ठेका मुलांना ऐकवला. चौथ्या गोळीनंतर बहुतेक खेळाडूंचा ठेका बदलतो, पाचवी लवकर सुटते किंवा फार रेंगाळते. तिचा बदलत नाही. माझ्या मुलीने घरी येऊन सर्वांत आधी हेच सांगितले.

दक्षिण कोरियातील प्योंगचांगच्या २०१८ च्या ऑलिंपिकला पुढचा रविवार दिला आहे. १० फेब्रुवारीच्या स्प्रिंटमध्ये थंडी आणि वारा दोन्ही जोरात होते. दिव्यांच्या उजेडात झालेल्या त्या शर्यतीत डालमायरने दहाही लक्ष्ये टिपली आणि नॉर्वेच्या मार्टे ओल्सबूला चोवीस सेकंदांनी हरवून सुवर्ण जिंकले. दोन दिवसांनी परस्यूटमध्ये ती तीच आघाडी घेऊन सर्वांत आधी सुटली, चार थांब्यांत मिळून तिची एकच गोळी चुकली, आणि एकाच ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट व परस्यूट दोन्ही जिंकणारी ती पहिली महिला ठरली. पुढे वैयक्तिक शर्यतीत तिला कांस्य मिळाले. सुवर्ण स्वीडनच्या हान्ना ओबर्गचे. वाऱ्यात साइटचे (नेम धरण्याच्या साधनाचे) किती क्लिक, म्हणजे खाचा, फिरवायचे, की क्लिक न फिरवता नेमच थोडा बाजूला धरायचा, यावर सरांनी इथे चर्चा घडवून आणली. आपल्या बंद हॉलमध्ये वारा नसतो हे खरे, पण पुढे पन्नास मीटरच्या खुल्या रेंजवर जाणाऱ्या मुलांना तो टाळता येणार नाही, आणि रावेर-यावलकडून एसटीने येणारी दोन-तीन मुले तर तिकडेच जायचे म्हणून तयारी करत आहेत.

पडद्यानंतरचा सराव मला पडद्याइतकाच मोलाचा वाटला. मुले गोदामाबाहेरच्या मोकळ्या जागेत सावली असेपर्यंत फेऱ्या मारतात, आत येतात, मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजतात, वहीत लिहितात आणि लगेच उभ्याने पाच फैरी झाडतात. सुरुवातीला पेलेट (एअर रायफलच्या गोळ्या) कार्डभर विखुरलेले असतात. एखादा काळ्या वर्तुळाच्याही बाहेर. तिथे सर मुलाच्या खांद्यामागे उभे राहून अहिराणीत हळू आवाजात बोलतात, फैरीच्या आकड्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, फक्त श्वास सोडल्यानंतरच्या त्या छोट्या थांब्याकडे लक्ष वेधतात. माझ्या मुलीच्या गालावरून घाम ओघळून दस्त्याच्या गालपट्टीवर येत होता आणि डायॉप्टरची (डोळ्याजवळच्या मागच्या साइटची) कड धुकाळत होती. तिने रायफल खाली घेतली, रुमालाने साइट पुसली, पुन्हा खांद्याला लावली आणि मग ट्रिगरवर बोट ठेवले. यापूर्वी तिने तशीच घाईने फैर झाडली असती. तिच्या कार्डावरचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) त्या दिवशी काही विशेष नव्हता, पण पाचही छिद्रे काळ्यात होती.

आता उणिवा. पत्र्याच्या छपराखाली सकाळी दहानंतर बसवत नाही. भिंतीतले दोन पंखे आणि एक कूलर एवढ्या माणसांना पुरत नाहीत, आणि कूलर लेनच्या बाजूला वळवला की कार्डे हलतात म्हणून तो बंदच ठेवावा लागतो. वर्ग सातऐवजी सहाला सुरू केला तर हा प्रश्न बराचसा सुटेल. भाड्याच्या रायफलींपैकी काहींच्या साइटचे क्लिक इतके सैल झाले आहेत की फिरवलेले फिरले की नाही हे कळत नाही. साइट दुरुस्तीचा धडा देणाऱ्या वर्गात अशा रायफली ठेवणे चुकीचे आहे. मुलींना जॅकेट-पँट बदलण्यासाठी वेगळी खोली नाही, पडदा लावलेला कोपरा आहे. जिच्या कारकिर्दीवर हा वर्ग उभा आहे ती एक मुलगीच होती, हे लक्षात घेऊन व्यवस्थापनाने ही सोय सर्वांत आधी करावी असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. चित्रफितींचे समालोचन इंग्रजी किंवा जर्मन असते आणि सर ते थांबवून मराठीत समजावतात; त्यात शर्यतीचा ओघ कधी कधी तुटतो. आवाज पूर्ण बंद करून सरांनी स्वतःच सलग बोलावे, कारण त्यांचे बोलणे समालोचकांपेक्षा मुलांच्या अधिक उपयोगाचे आहे.

शेवटच्या रविवारबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. त्यात २०१९ चा मोसम, निवृत्ती आणि मृत्यू हे सर्व एकाच बैठकीत उरकले जाते. प्रकृतीच्या तक्रारींमुळे २०१८-१९ च्या मोसमात ती उशिरा उतरली, तरी स्वीडनमधील ऑस्टरसुंडच्या जागतिक स्पर्धेत स्प्रिंट आणि परस्यूटमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली. ती पकडून जागतिक स्पर्धांतली तिची पदके पंधरा होतात, त्यांपैकी सात सुवर्ण. त्या दोन कांस्यपदकांच्या शर्यती पूर्ण दाखवायला हव्या होत्या. शरीर साथ देत नसताना नेमावर विसंबून शर्यत कशी सांभाळायची, हे त्यांत दिसले असते. मे २०१९ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिने स्पर्धा सोडली. तिच्याच भागातील वॉलगाऊ गावची माग्दालेना नॉयनर हिनेही २०१२ मध्ये याच वयात स्पर्धा थांबवली होती, बारा जागतिक सुवर्णे आणि दोन ऑलिंपिक सुवर्णे खात्यावर असताना. नॉयनर स्कीवर वाऱ्यासारखी पळायची आणि उभ्याने मारताना अनेकदा चुकायची. सरांनी दोघींच्या उभ्याच्या फैरी शेजारी-शेजारी दाखवल्या, तो भाग अप्रतिम होता आणि आणखी लांबला असता तरी चालले असते.

निवृत्तीनंतर डालमायर पर्वतांकडे वळली. ती प्रमाणित गिर्यारोहण मार्गदर्शक झाली, पर्वतातील बचाव पथकात काम करू लागली, जर्मन दूरचित्रवाणीवर बायथलॉनचे विश्लेषण करू लागली. २८ जुलै २०२५ रोजी काराकोरममधील लैला शिखरावर सुमारे ५,७०० मीटर उंचीवर दरड कोसळून तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. आपल्या मृतदेहासाठी कोणी जीव धोक्यात घालू नये, अशी तिची लेखी इच्छा होती आणि तिचा देह तिथेच राहू देण्यात आला. सरांनी हे मुलांना स्पष्ट आणि सरळ शब्दांत सांगितले, काही लपवले नाही, त्याचे उदात्तीकरणही केले नाही. काही पालकांना हे मुलांसमोर नको होते. मला ते हवे होते. सातपुड्यात, तोरणमाळच्या कड्यांवर पावसाळ्यात हौसेने चढणारी आपलीच मुले आहेत, आणि बचावासाठी येणाऱ्या माणसाच्या जिवाचा विचार आधी करणारी खेळाडू त्यांनी ओळखलेली बरी.

नाव नोंदवायचे असेल तर बारा वर्षांच्या पुढच्या आणि किमान काही महिने ड्राय (गोळी न भरता नेमाचा सराव) केलेल्या मुलांनाच पाठवावे. अगदी नवख्याला नाडी वाढवून मारायला लावणे रेंजवरही मान्य नाही. पाण्याची मोठी बाटली, दोन रुमाल आणि नाडी लिहायला वही सोबत द्यावी. शक्य असल्यास मेऐवजी जूनमधली तुकडी निवडावी, पत्रा थोडा तरी निवलेला असतो. आणि जो कोणी जाईल त्याने होख्फिल्त्सेनची महिला रिले दाखवण्याची मागणी जरूर करावी. व्हॅनेसा हिन्झ, मारेन हॅमरश्मिट आणि फ्रान्झिस्का हिल्डेब्रांड यांच्यानंतर शेवटच्या टप्प्यावर डालमायर आहे. रिलेमध्ये प्रत्येक थांब्याला तीन जादा गोळ्या मिळतात, पण त्या एकेक करून हाताने भराव्या लागतात, आणि गारठलेल्या बोटांनी ते काम घाई न करता कसे करायचे हे मी मुलांसोबत पाहू इच्छितो.