नाशिकच्या फ्लॅटमध्ये देशी पिल्लू: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

चिंगी जूनमध्ये घरी आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. सोसायटीतल्या वॉचमनच्या खोलीमागे व्यालेल्या कुत्रीचं पिल्लू. तांबूस रंग, कान अजून पडलेले, पोट जंतांनी टम्म. आता फेब्रुवारी आहे, पोरगी दहा महिन्यांची आणि पंधराएक किलोची झाली आहे. या काळात पिंजरा, पॅड, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), खाणं, गोचिडाच्या गोळ्या, ट्रेनर, सगळं वापरून झालं. देशी पिल्लू घ्यायचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सर्वांत महत्त्वाचं आधीच सांगते. पिल्लाला ‘बस’ आणि ‘शेकहँड’ शिकवायच्या आधी अंगाला हात लावू द्यायला शिकवा. कान, पंजे, हिरड्या, पोट, शेपटीखाली, सगळीकडे. आठ महिन्यांत आम्ही तिला जे काही शिकवलं, त्यात याच्याइतकं दुसरं काही कामी आलं नाही.

आमची पद्धत अशी. जमिनीवर टॉवेलची घडी ठेवायची, तिच्यासमोर बसायचं आणि तळहात तिच्या हनुवटीखाली धरायचा. तिने हनुवटी टेकवली की ‘शाब्बास’ म्हणायचं आणि उकडलेल्या चिकनचा बारीकसा तुकडा द्यायचा. हे जमलं की दुसऱ्या हाताने कानाला नुसता स्पर्श. मग कान उलटून बघणं. मग ओठ वर करून हिरडी दाबणं: दाबल्यावर पांढरी झालेली हिरडी दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. नेलकटर तर बरेच दिवस फक्त नखाला टेकवून बाजूला ठेवत होतो. नियम एकच, तिने हनुवटी उचलली की आपला हात तिथेच थांबला पाहिजे. थांबवणं आपल्या हातात आहे हे कळल्यामुळे ती पळून जायची थांबली. दिवसातून दोन-तीन वेळा, एका वेळी मिनिटभर, बास. दुपारी ती सासूबाईंजवळ असते, म्हणून त्यांनीही हे मनावर घेऊन शिकून घेतलं.

त्याचं मोल ऑक्टोबरमध्ये कळलं. पाऊस सरला की गोचीड वाढतात. एका संध्याकाळी चिंगीने ताटलीला तोंड लावलं नाही, नुसती पडून राहिली. नवऱ्याने रोजच्यासारखा तिचा ओठ वर केला तर हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. पोट उलटून पाहिलं, मांडीच्या आतल्या बाजूला तसेच ठिपके. ताप १०४ फॅरनहाइट. कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही, थर्मामीटरच लागतो. रात्रीच डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं तर प्लेटलेट चाळीस हजार. कुत्र्यांमध्ये दोन लाखांच्या आसपास किंवा जास्त असायला हव्यात. एर्लिकिया निघाला, म्हणजे गोचिडाच्या चाव्यातून येणारा जिवाणू; त्याच्या आजाराला आपण गोचीड ताप म्हणतो. पुढच्या पायातून रक्त काढताना चिंगी माझ्या तळहातावर हनुवटी टेकवून उभी होती. तोंड बांधावं लागलं नाही, धरायला माणसं लागली नाहीत. डॉक्टर म्हणाले, ठिपके दिसल्या दिसल्या आलात हे फार बरं झालं, नाक फुटायची वाट पाहिली असती तर अवघड होतं. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं. ती गोळी खाण्यातूनच द्यायची आणि वरून थोडं पातळ सूप पाजायचं. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

इथे गोचिडांसाठी दर महिन्याला द्यायच्या चघळायच्या गोळीबद्दल लिहायला हवं, कारण चिंगीची ती गोळी चालू असताना हे झालं. गोळी कुचकामी ठरली असं मी म्हणणार नाही. आयसोक्साझोलिन गटातलं हे औषध कुत्र्याच्या रक्तात उतरतं आणि रक्त प्यायलेला गोचीड मरतो. म्हणजे चावा आधी होतो, मरण नंतर. एर्लिकिया अंगात शिरायला काही तासही पुरतात. म्हणून गोळी आणि रोज अंग चाचपणं, दोन्ही हवं. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या घडीत, पट्ट्याखाली बघा. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. त्यावर रॉकेल-तेल ओतू नका, बोटांनी चिरडू नका. तपकिरी गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालतो, म्हणून आम्ही गॅलरीच्या चौकटींच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या आणि त्याचा फरक लगेच दिसला. आणखी एक, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात असा इशारा दिला होता. तुमच्या कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आमच्याकडे काही त्रास नाही, गोळी चालू आहे.

लसींबाबत लोक फार धांदल करतात. पहिली लस दिली की पिल्लू मोकळं, असं नसतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आड येते आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. चिंगीच्या एका भावाला दुसऱ्या डोसच्या आधी पार्व्हो हा आतड्यांचा जीवघेणा आजार झाला. उलट्या, रक्ताचे, दुर्गंधी येणारे जुलाब, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. शेजारच्या विंगमधल्या वहिनींनी त्याला रात्रंदिवस सलाइन लावून जपलं होतं. हा विषाणू जागेवर महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाइलने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून मग धुवायचं. आम्ही जिना आणि पॅसेज तसाच धुतला. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर मिसळू नका.

मग लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवायचं का? नाही. जगाची ओळख करून घ्यायची त्याची वेळ साधारण तीन-साडेतीन महिन्यांत सरते. आम्ही चिंगीला कडेवर घेऊन गंगापूर रोडला फिरवलं: रेनकोटवाली माणसं, छत्र्या, शाळा सुटल्यावरचा गलका, बसचा हॉर्न. जमिनीवर मात्र पाय टेकू दिला नाही. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून तिला जेवायला घालायचो आणि आवाज हळूहळू वाढवायचो. गणपतीत पथक खालून गेलं तेव्हा तिने कान टवकारले, दारापर्यंत गेली आणि परत आली. दिवाळीत ती थरथरली, पण खिडक्या बंद करून पंखा लावल्यावर हातातून खात होती. आमच्या डॉक्टरांच्या मते भीती किती आहे याची ती चांगली खूण. फार घाबरलेलं कुत्रं अन्न घेत नाही.

खाण्यावर घरात बरीच चर्चा झाली. सासूबाईंच्या माहेरी, निफाडकडे, दूध-भाकरीवर कुत्री वाढली आणि चांगली दणकट वाढली. त्यांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. ती कुत्री दिवसभर बाहेर हिंडून बरंच काही खायची. फ्लॅटमधल्या पिल्लाला आपण देऊ तेवढंच मिळतं. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फार कमी असतं आणि त्याने वाढत्या वयात हाडं वाकतात. दुधाने अनेकांना जुलाब होतात. आम्ही पिल्लांसाठीचं तयार खाणं ठेवलं, वर एखादं उकडलेलं अंडं किंवा गाजर. वेगळं कॅल्शियमचं औषध डॉक्टरांनी बंदच करायला सांगितलं, जास्त झालं तरी नुकसान. शी घट्ट, अंगावर तकाकी, वजन दर महिन्याला वाढत गेलं. समाधानी आहे.

आणि नाशिककरांना हात जोडून विनंती. आता द्राक्षांचा हंगाम आहे, घरोघरी टेबलावर घड आणि डब्यात बेदाणे. कुत्र्याला एकही देऊ नका. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं असा आता अंदाज आहे, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नाही. तेच आम्ल चिंचेतही असतं, म्हणून आमटी-भातसुद्धा नको. त्यात कांदा-लसूण असतोच, तोही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

बाकी वस्तूंचं थोडक्यात. जाळीचा घडीचा पिंजरा घ्याच. दार उघडं ठेवून आत जेवण दिलं तर आठवड्याभरात पिल्लू आपणहून तिथे झोपायला लागतं. वर जुनी चादर टाकायची. डिसेंबरमध्ये नसबंदीनंतर त्याचा फार आधार झाला (प्लेटलेट पूर्ववत व्हायची वाट पाहायची म्हणून ती पुढे ढकलली होती). शूचे पॅड नका घेऊ, तिने ते फाडून चघळले. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच गॅलरीतल्या मातीच्या ट्रेवर नेणं, एवढ्याने काम झालं. हार्नेस छातीपुढे कडी असलेला घ्या, ओढायची सवय बरीच कमी होते. दात पडायच्या काळात ओला फडका पीळ देऊन फ्रीझरमध्ये ठेवा. महागड्या रबरी खेळण्यांपेक्षा तिला तोच आवडला. पायाला चावत सुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा झोपेला आलेलं असतं. त्याला निजवा.

ट्रेनरबद्दल लिहिताना अजून राग येतो. घरी आलेल्या एका ट्रेनरने पहिल्याच दिवशी चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) बाहेर काढली आणि ‘मालक वरचढ आहे हे कुत्र्याला कळलं पाहिजे’ म्हणून तिला झटका दिला. चिंगी किंचाळली. आम्ही त्यांना तिथूनच निरोप दिला. लांडग्यांच्या कळपातला ‘अल्फा’, म्हणजे सगळ्यांवर वरचढ असलेला म्होरक्या, ही कल्पना पसरवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतांशी आईबाप आणि त्यांची पोरं. तीन महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्याला फास लावणारा माणूस घरात घेऊ नका, कितीही नावाजलेला असो.

बोलावल्यावर परत येणं मात्र अजून पक्कं नाही. घरात आणि गच्चीवर लगेच येते, खाली मांजर दिसलं की ऐकू येत नाही. त्यामुळे मैदानावर दहा मीटरची सुती दोरी कायम लावलेली असते आणि ती इतक्यात सुटणार नाही. लसींचे बूस्टर ऑगस्टमध्ये आहेत, महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जपून ठेवलं आहे. कोणाला हनुवटीच्या सरावाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून उत्तर देईन.