कर्ज की इक्विटी: वाढत्या सॉफ्टवेअर कंपनीने पैसा कुठून उभा करावा

उत्पादन चालतंय, ग्राहक पैसे भरून टिकतायत आणि आता विक्रीची माणसं वाढवायची आहेत, अशा टप्प्यावरच्या कंपनीला हा प्रश्न पडतो. उत्पादनच अजून सापडायचं असेल तर कर्जाच्या वाटेला जाऊ नये. हप्त्याची तारीख ठरलेली असते, उत्पादन कधी जमेल ते ठरलेलं नसतं. तिथे इक्विटीच, म्हणजे कंपनीचे शेअर देऊन पैसा घेणं.

बाकीच्यांसाठी माझा कल कर्जाकडे आहे, आणि तो ठरला व्हॅल्युएशनवरून किंवा व्याजदरावरून नव्हे, तर संमतीच्या कटकटीवरून. गुंतवणूकदाराशी होणाऱ्या करारात एक यादी असते: नवे शेअर काढणं, ठरावीक रकमेपुढचं कर्ज घेणं, ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांना देण्यासाठी राखून ठेवलेले शेअर) वाढवणं, संचालकांची संख्या बदलणं, कंपनी विकणं. यातल्या प्रत्येकाला त्यांची लेखी संमती लागते. हिस्सा 20 टक्के असो की 12, व्हेटो पुराच असतो. एखाद्या चांगल्या इंजिनिअरला ऑफर द्यायची आहे, पूल संपलाय, ठरावाचा मसुदा वकिलाकडे अडकलाय आणि सही करणारा प्रवासात आहे, एवढं एक वेळ चालवून घेता येतं.

खरी पंचाईत विक्रीच्या वेळी. समजा 20 घेऊन 20 टक्के दिले, म्हणजे पैसे आल्यानंतरचं मूल्य 100. (लाख धरा, कोटी धरा, प्रमाण तेच.) तीन वर्षांनी 60 ची ऑफर आली. लिक्विडेशन प्रेफरन्स (विक्रीच्या पैशातून आधी आपली रक्कम काढून घेण्याचा गुंतवणूकदाराचा हक्क) एकपट आणि नॉन-पार्टिसिपेटिंग (ती रक्कम किंवा हिस्सा, दोन्हींपैकी एकच) असेल तर गुंतवणूकदार आपले 20 काढून घेतो, बाकीच्यांना 40 उरतात. पार्टिसिपेटिंग (दोन्ही) असेल तर आधी 20, वर उरलेल्या 40 चे 20 टक्के, म्हणजे 8, बाकीच्यांना 32. संस्थापकाला हे आकडेही पुष्कळ वाटू शकतात. पण फंडाला दहापट हवी असते. मुद्दल परत आणणारी विक्री त्याच्या हिशेबात जवळपास वाया गेलेली, म्हणून तो सही देत नाही. कर्जदात्याला तुमची कंपनी केवढी होणार याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच 20 पैकी 10 फेडायचे राहिले असतील तर ते 10, वर मुदतपूर्व फेडीचं शुल्क, असलं तर शेवटचं ठोक शुल्क आणि वॉरंटचा (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काचा) लहानसा वाटा देऊन तुम्ही मोकळे.

अर्थात कर्जही काही साधंसुधं नाही. टर्म लोनमध्ये साधारण 36 ते 48 महिन्यांची मुदत आणि सुरुवातीचे 6 ते 12 महिने फक्त व्याज, अशी रचना असते. हे व्याजाचे महिने फसवे. 20 चं कर्ज, 12 टक्के दर, पहिलं वर्ष नुसतं व्याज धरलं तर महिन्याला 0.20 जातात, नंतर 36 हप्ते पाडले की तोच आकडा 0.66 होतो. तेराव्या महिन्यात तिपटीहून जास्त! म्हणून हा पैसा अशाच खर्चावर घालावा, जिथे ग्राहक मिळवायचा खर्च त्याच्या ढोबळ नफ्यातून साधारण वर्षभरात वसूल होतो.

एमआरआरवर (दर महिन्याला नियमित येणाऱ्या महसुलावर) मिळणारी क्रेडिट लाइन लवचीक असते, पण तिची मर्यादा चर्नशी, म्हणजे ग्राहक गळण्याच्या प्रमाणाशी, बांधलेली असते. एमआरआर 10, गुणक 4 आणि वार्षिक चर्न 10 टक्के असेल तर 40 मधून 10 टक्के वजा होऊन 36 मिळतात. चर्न 30 टक्क्यांवर गेला की 28. म्हणजे ग्राहक गळायला लागले आणि रोकड हवी झाली की नेमकी तेव्हाच मर्यादा आक्रसते. म्हणून ती काठोकाठ कधीच वापरू नये.

रेव्हेन्यू-बेस्ड फायनान्समध्ये महसुलातला ठरावीक टक्का देत राहायचं, एकूण 1.3 पट फिटेपर्यंत. समान मासिक हप्त्यांनी तीन वर्षांत फिटलं तर दर वर्षाला 18 टक्क्यांच्या आसपास पडतो. धंदा जोरात चालून वर्षातच फिटलं तर 50 च्या वर. वाढ जितकी चांगली तितकं हे कर्ज महाग. माझ्या मते मोठ्या रकमेसाठी ते घेऊ नये.

एक-दोन वर्षांत बाजार काबीज केला नाही तर दुसरा करेल, अशी स्थिती असेल तर माझं मत बाजूला ठेवून इक्विटीच घ्यावी. असा वेग हप्ते भरत गाठता येत नाही. फक्त ईसॉप पूल कुठल्या मूल्यात धरलाय ते टर्म शीटमध्ये (अंतिम कराराआधीच्या अटींच्या कागदात) पाहा. वरच्याच उदाहरणात पैसे येण्याआधीचं मूल्य 80. त्यातच 100 च्या 10 टक्के, म्हणजे 10 चा, नवा पूल बसवला की तुमच्या जुन्या शेअरांची खरी किंमत 70 उरते, आणि कागदावर मात्र 80 च दिसते.

कर्जाच्या करारात मी तीन कलमांवर अडून बसेन. पहिलं, किमान रोकड: 20 च्या कर्जावर 6 कायम खात्यात ठेवायची अट असेल तर व्याज 20 वर आणि वापरायला 14. दुसरं, सगळ्या ठेवी कर्ज देणाऱ्या बँकेतच ठेवण्याची सक्ती. सिलिकॉन व्हॅली बँक 10 मार्च 2023 ला बंद पडली तेव्हा अशा कंपन्यांची पगाराची रोकडही तिथेच अडकली होती. वाट मोकळी झाली ती सोमवारी 13 तारखेला. निदान दोन-तीन महिन्यांचे पगार दुसरीकडे ठेवायची मुभा लिहून घ्यावी. तिसरं, 'मटेरियल ॲडव्हर्स चेंज', म्हणजे कंपनीची स्थिती फार बिघडली तर कर्ज परत मागण्याचा हक्क. त्याची व्याख्या मोघम असेल तर एकही हप्ता न चुकवता कर्ज एकदम परत मागितलं जाऊ शकतं. ते काढून टाकायला तयार नसतील तर निदान महसुलातली घट किती टक्के आणि किती तिमाही, ते आकड्यात लिहायला लावा.