आठ महिने एफटीआयआर आणि बोरेट काच

गेले आठ महिने सोडियम बोरेट काचेचे (बोरॉन आणि सोडियमच्या ऑक्साइडची काच) नमुने एफटीआयआरवर, म्हणजे पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर, लावतेय. १०, २०, ३० आणि ४० मोल टक्के सोडियम ऑक्साइड, म्हणजे नमुने चारच. पोटॅशियम ब्रोमाइड (केबीआर) या मिठात काचेची पूड मिसळून चकतीसारखे पेलेट किती दाबले ते मोजलेले नाहीत, मोजवणारही नाहीत.

एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी रचना पाहणारं यंत्र) काच लावली की एक पसरट उंचवटा दिसतो आणि विषय संपतो. एफटीआयआरवर मात्र बोरॉनभोवती तीन ऑक्सिजन असतील तर शोषणाचा पट्टा साधारण १२०० ते १५०० प्रति सेंमी (हा वेव्हनंबर, म्हणजे एका सेंमीत मावणाऱ्या लाटा), चार असतील तर ८०० ते १२००. सिलिकात सोडियम घातलं की जाळं लगेच तुटायला लागतं. इथे बोरॉन आधी चौथा ऑक्सिजन जवळ करतो. हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण चार आलेख एकाखाली एक लावल्यावर १००० जवळचा उंचवटा चढत जाताना आणि ३० वरून ४० ला जाताना रेंगाळताना दिसला, त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

आता केबीआर. पहिल्या महिन्यात प्रत्येक नमुन्यात ३४४० आणि १६३० ला पट्टे येत होते. काचेतल्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांवर मी दीड पान लिहून मोकळी. सरांनी एवढंच विचारलं, "रिकामा पेलेट लावलास का?" लावला, नुसत्या केबीआरचा. दोन्ही पट्टे त्यात हजर! ते सगळं हवेतलं पाणी होतं. तेव्हापासून केबीआर रात्रभर ११० अंशांवर ओव्हनमध्ये, मग डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं बंद भांडं). आणि काच ऐनवेळी दळायची, कारण बोरेटची पूडही ओल धरते. २०० मिलिग्रॅम केबीआरला काच एक-दीड मिलिग्रॅम पुरते. जास्त पडली तर मोठ्या पट्ट्याचा शेंडाच सपाट होतो. पूड जाडसर राहिली तर प्रकाश विखुरतो आणि ४००० च्या बाजूला बेसलाइन (आलेखाची पायारेषा) तिरकी होते.

एटीआर ही पेलेट न करता मोजायची पद्धत सोपी आहे, हिऱ्यावर पूड दाबा आणि झालं. पण त्यात जोरदार पट्टे कमी वेव्हनंबरकडे सरकतात. केबीआरवरच्या जुन्या तक्त्यांशी ते तसेच ताडून पाहण्याची चूक मी एकदा केली.

खरी डोकेदुखी डीकन्व्होल्यूशनची, म्हणजे एकात मिसळलेले पट्टे वेगळे काढण्याची. सहा गाउसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) टाका, नऊ टाका, सॉफ्टवेअर दोन्ही वेळा खूश. चार ऑक्सिजनवाल्या बोरॉनचा वाटा मात्र दर वेळी वेगळा. आता चारही नमुन्यांना गाउसियनची संख्या एकच ठेवते आणि आकड्याकडे फक्त कल म्हणून बघते. दोन्ही प्रकारचे बोरॉन सारख्याच जोराने शोषण करत नाहीत, त्यामुळे नेमका वाटा हवा असेल तर बोरॉन-११ एनएमआरच (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा प्रतिसाद मोजणारी पद्धत).

पुढच्या नमुन्यांत सिलिका आहे. तिचा ११०० जवळचा पट्टा नेमका चार ऑक्सिजनवाल्या बोरॉनच्या पट्ट्यावर येऊन बसतो. तिथे हा वाटा काढायचा नाद मी सोडलाय. रामनसाठी (विखुरलेल्या प्रकाशावरून रचना पाहणारं तंत्र) नंबर लावून ठेवलाय.