दुसरं सिम घ्यावं की टोपणपत्ता ठेवावा?

फ्रीलान्स कामाचा अर्ज भरताना घरचा मोबाइल नंबर आणि रोजचा ई-मेल सरसकट देऊ नये, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते पुढे. मग द्यायचं काय? या धंद्यातल्या लोकांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. काही म्हणतात, दुसरं सिम घे, कामाला वेगळा नंबर ठेव. बाकीचे म्हणतात, नंबर देऊच नकोस, प्रत्येक ठिकाणी वेगळा ई-मेल दे. आपला खरा पत्ता झाकून आलेली मेल आपल्याकडे पोचवणारा असा जो ई-मेल असतो, त्याला मी टोपणपत्ता म्हणतो. मी दोन्ही वापरून झालोय. सिमवर सव्वा वर्ष काढलं, टोपणपत्त्यांना दोन वर्षं होऊन गेली. सांगलीत घरी बसून इंग्रजी-मराठी भाषांतर आणि सबटायटलची कामं करतो, तेव्हा अनुभव त्याच धंद्याचा आहे. वेबसाइट बनवणाऱ्याचं किंवा टॅलीत हिशेब टाकून देणाऱ्याचं गणित वेगळं असू शकेल.

सिमची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. मराठीत काम देणारा माणूस सहसा मेल लिहीत नाही. तो म्हणतो, "नंबर पाठवा, बोलून घेऊ." पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकाला टोपणपत्ता देऊन बघा. तो तुमच्याकडे असं बघेल, जणू तुम्ही उधारी बुडवून आलाय. त्याला व्हॉइस मेसेज टाकायचा असतो, पानांचे फोटो पाठवायचे असतात, रात्री साडेनवाला "झालं का?" विचारायचं असतं. त्या माणसाशी संसार करायचा तर नंबर लागतोच. फोनमध्ये सिमची दुसरी जागा रिकामीच असते, तिथे नवा नंबर घालायचा, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चढवायचं, डीपीला मुलांऐवजी कामाचा फोटो लावायचा, झालं.

यातला खरा फायदा दिसत नाही, पण मोठा आहे. बँक, आधार आणि ओटीपी ज्या नंबरला जोडलेत, तो परक्याच्या हाती जात नाही. मात्र पैसे घ्यायच्या वेळी आपण स्वतःच तो घालवतो. "जीपे नंबर द्या" म्हटलं की हात सवयीने बँकेचाच नंबर टाइप करतो. यूपीआय ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी बनवता येतो. सिम घेणार असाल तर त्याच दिवशी तोही बनवा, नाहीतर सव्वा महिन्यात सगळं मुसळ केरात.

गंमत म्हणजे माहिती वाचवायला घेतलेलं हे सिमसुद्धा त्याच आधारवर निघतं. एका माणसाच्या नावावर नऊ सिमांची मर्यादा आहे (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा). आपल्या नावावर किती चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. मी सिम घेतलं तेव्हा पहिल्यांदा तिथे डोकावलो. निदान भलतं काही निघालं नाही.

नवा म्हणून मिळालेला नंबर नवाच असेल असंही नाही. बंद झालेला नंबर कंपन्या निदान ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो पुन्हा बाजारात येतो. माझा नंबर आधी कुठल्यातरी ट्रॅक्टरवाल्याकडे होता. पहिले दोन महिने नांगरटीचा भाव विचारणारे फोन यायचे. उलट्या बाजूनेही हेच. सिम ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात शिल्लक ठेवली नाही, तर ते बंद होऊ शकतं. उद्या तो नंबर दुसऱ्याकडे गेला, तर त्यावर येणारे तुमचे ओटीपीही त्याच्याकडेच. म्हणून अर्जासाठी घेतलेल्या सिमवर कुठलंही खातं उघडायचं नाही आणि रिचार्ज चुकवायचा नाही.

एवढं सगळं मी सहन केलं असतं. सिमवरून माझं मन उडालं ते दुसऱ्याच गोष्टीने.

गणपतीच्या आधी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर काम आलं होतं, मराठी ऑडिओ ऐकून टंकून द्यायचं. गूगल फॉर्म होता. नाव, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, मोबाइल, ई-मेल, आणि शेवटी आधारच्या दोन्ही बाजूंचे फोटो. आधार सोडून मी सगळं भरलं, नंबर अर्थात दुसरा दिला, आणि शहाणपणाचं केल्याच्या समाधानात झोपलो. काम आलं नाही. दहा-बारा दिवसांनी फोन मात्र सुरू झाले. आधी कर्ज, मग क्रेडिट कार्ड, मग शेअरच्या टिप्स, मग 'घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, टेलिग्रामवर या'.

घरच्या नंबरवर हे फोन आले असते तर मी उचललेच नसते. अनोळखी नंबर आपण सगळेच कापतो. पण हा कामाचा नंबर! यावर येणारा प्रत्येक नवा माणूस अनोळखीच असणार, त्याच्यासाठीच तर नंबर घेतलेला. उचलावा तर लोनवाली बाई, न उचलावा तर काम जायची धास्ती. ट्रूकॉलरने बरेच लाल दिसतात खरे, पण नवीन सिमवरून करणारे दिसत नाहीत.

एके दिवशी वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. टोकन ४१, आत ३९ चालू. फोन वाजला, पुण्याचा वाटला. बाहेर जिन्यात जाऊन घेतला. "सर, आपके लिए एक प्री-अप्रूव्ड ऑफर है..." ठेवून आत आलो तर ४३ चालू होता आणि आप्पा, डोळ्यांत थेंब घातलेले, कंपाउंडरशी हुज्जत घालत होते. "तुझं काम काय असतं रे नक्की?" त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

त्या वैतागात मी आठवडाभर अनोळखी फोन घेणं बंद केलं. त्याच आठवड्यात एका संपादकबाईंनी तीनदा फोन केला होता. बालवाचकांसाठीच्या आठ पुस्तिका होत्या. चौथ्यांदा त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी केला.

तेव्हा लक्षात आलं ते असं. तो एकच नंबर मी तीस-चाळीस ठिकाणी दिला होता. पाणी कुठून गळतंय ते कळायला मार्ग नव्हता, आणि कळलं असतं तरी तेवढाच नळ बंद करता आला नसता. मेन कॉक एकच. तो बंद केला की सगळं घर कोरडं.

टोपणपत्त्यात प्रत्येक नळाला स्वतःचा कॉक असतो. सिंपललॉगिन, फायरफॉक्स रिले, डकडकगो अशा सेवा आहेत. आयक्लाउडचे पैसे भरणाऱ्यांना ॲपलचीही आहे. मी सिंपललॉगिन वापरतो. २०२२ मध्ये ती प्रोटॉन या ई-मेल सेवेच्या कंपनीने घेतली. फुकटात दहा पत्ते मिळतात, आणि आलेल्या मेलला त्याच टोपणपत्त्यावरून उत्तर देता येतं. माझ्या दृष्टीने निर्णायक सोय तीच. रिलेमध्ये फुकटात पाच पत्ते मिळतात, पण उत्तर पाठवायचं तर पैसे भरावे लागतात. नुसतं ऐकून घ्यायचं असेल तर ठीक, काम मागणाऱ्याला बोलावंही लागतं.

जीमेलच्या पत्त्यात नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घालायची युक्ती बरेच जण सुचवतात, मेल तरीही आपल्याकडेच येते. मीही केली होती. पण चिन्हाच्या आधी आपला खरा पत्ता तसाच असतो, आणि टिंबं कुठेही टाकली तरी जीमेल ती मोजत नाही. मास्क लावायचा आणि गळ्यात ओळखपत्र अडकवायचं, तसला प्रकार. शिवाय कितीतरी फॉर्म ते चिन्हच घेत नाहीत.

माझी पद्धत साधी आहे. अर्ज करायचा तिथे नवा पत्ता, त्याच्या नावात ठिकाण आणि महिना. एकदा एका सबटायटल एजन्सीला दिलेल्या पत्त्यावर तीन आठवड्यांत क्रिप्टोच्या मेल यायला लागल्या. तो पत्ता जगात दुसऱ्या कोणालाच दिलेला नव्हता. कोणी विकला की कोणाकडून चोरीला गेला, देव जाणे. पण कुठून गेला ते तरी कळलं. बटण सरकवलं, पत्ता बंद. मला जिन्यात जावं लागलं नाही.

आता याच्या खोडी. एक, पत्ता विचित्र दिसतो. एका गृहस्थांनी सरळ विचारलं, "हा तुमचाच मेल ना?" दोन, कधीमधी उत्तर समोरच्याच्या स्पॅममध्ये जातं, म्हणून पहिल्या मेलला आठवडा उलटला की मी पुन्हा एक ओळ टाकतो. तीन, मधल्या सेवेवर विश्वास टाकावा लागतो, मेल तिच्या हातून जाते. ती सेवा उद्या बंद पडली तर सगळे पत्ते एका फटक्यात जातील. हा धोका मी मान्य करून बसलोय. काम पक्कं झालं की मी गिऱ्हाइकाला खरा पत्ता देतो. बुरखा फक्त मुलाखतीपुरता.

चौथी खोडी सेवेची नाही, माझी. पहिला महिनाभर मी मोठ्या ऐटीत टोपणपत्त्यावरून उत्तरं देत होतो. मग एकाने फोन केला, तोही घरच्या नंबरवर. "तुमच्या मेलच्या खालीच तर आहे," तो म्हणाला. जीमेलची स्वयंचलित सही! नाव, घरचा नंबर आणि सांगलीचा पूर्ण पत्ता, प्रत्येक मेलखाली. ती आधी काढा. नमुना पाठवताना गूगल डॉकची लिंक देत असाल तर त्याऐवजी पीडीएफ द्या. लिंकसोबत कोणाच्या खात्यातली फाइल आहे तेही जाऊ शकतं. आणि बायोडाटा. आपल्याकडे तो लग्नाच्या स्थळासारखा लिहायची रीत आहे. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता. एका मित्राच्या बायोडाटात रक्तगटसुद्धा होता. भाषांतर बी पॉझिटिव्ह लागतं की काय? नाव, गाव, काम आणि नमुने, एवढ्यावर काम मिळतं.

अपवर्क-फायव्हर या फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या साइटवाल्यांना यातलं निम्मं लागत नाही. अपवर्कवर कामाचा करार होण्याआधी नंबर-मेल द्यायला मनाईच आहे, बोलणं तिथल्या तिथे. फायव्हर कमाईतून २० टक्के कापतं, ते दुखतं, पण त्यात ही झाकपाकही आली असं मी मनाला समजावतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण सिम घ्या नाहीतर टोपणपत्ता, आधारची पूर्ण झेरॉक्स गेली की दोन्हींचा उपयोग संपला. अर्जाच्या टप्प्यावर आधार मागणाऱ्याला मी आता उत्तर देत नाही. काम पक्कं झाल्यावर कोणी अडून बसलंच, तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून देतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. वर आडवं लिहायचं, 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख. पॅनचं तसं नाही. भारतातली कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापणार, भाषांतरासारख्या कामाला साधारण १० टक्के, आणि पॅन नसेल तर २०. तेव्हा पॅन मागणं रास्त आहे, पण काम ठरल्यावर, फॉर्ममध्ये नव्हे. रद्द केलेला चेक मागतात, त्यावर सही करायची गरज नसते. मी दोन वर्षं करत होतो.

पॅन नको तिथे गेलं अशी शंका आली, तर आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे आपल्या उत्पन्नाचं वार्षिक विवरण, उघडून आपल्या नावावर न कमावलेलं उत्पन्न दिसतंय का ते बघावं. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात भलतं कर्ज दिसतं. पैसेच गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झालाय, पण फॉर्म टाकून गायब होणाऱ्याला त्याची नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडायची?

तर निवड. तुमची निम्म्याहून जास्त कामं ओळखीपाळखीची, फोनवर ठरणारी असतील, तर सिम घ्या. मी त्याला वाईट म्हणत नाही. फक्त तो नंबर फॉर्ममध्ये टाकू नका, समोर बोलणाऱ्या माणसालाच द्या. आणि कामं शोधायला रोज चार अनोळखी फॉर्म भरत असाल, तर सिमच्या वाटेला जाण्याआधी महिनाभर टोपणपत्ते वापरून बघा. नंबरचा रकाना सक्तीचा असेल तर तो फॉर्म मी बहुतेक वेळा सोडून देतो. यात एखादं चांगलं काम हुकलंही असेल. पण त्या आठ पुस्तिकांइतकं हळहळावं असं काही अजून कानावर आलेलं नाही.

माझं दुसरं सिम चालूच आहे. रिचार्ज मारतो, कारण अकरा जणांकडे तो नंबर आहे आणि त्यातले चार प्रकाशक आहेत. आता ते क्वचितच वाजतं. परवा बऱ्याच दिवसांनी वाजलं, तर जेवणावरून उठून उचललं. पलीकडून आवाज आला, "दोन एकर नांगरायचंय, ट्रॅक्टर मोकळा हाय का?"